जपानीत नाटकाबद्दल बोलताना कुठला शब्द कुठे वापरायचा?

निहोंगो_शिकतेय:
एन-३ ची (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) तयारी चालूय आणि क्लासमध्ये आमच्या हौशी नाटकाच्या ग्रुपबद्दल बोलायचंय. डिक्शनरीत नाटक बघितलं तर गेकी, एंगेकी, शिबाइ, बुताइ, दोरामा सगळंच येतं, कुठला कधी ते काही कळेना. शिवाय आपण "उगाच नाटकं करू नकोस", "एकदम नाट्यमय वळण लागलं" असं सर्रास म्हणतो ना, ते जपानी माणूस कसं म्हणेल? कानाला खटकू नये एवढंच.

पडदा_वर:
दोरामा आधी बाजूला ठेव, ती टीव्हीवरची मालिका. तुझ्यासाठी "एंगेकी ओ यात्तेइमासु" एकदम बरोबर, कॉलेजच्या नाटक मंडळालाही एंगेकी-बु च म्हणतात. शिबाइ जास्त घरगुती, आणि त्याचा अर्थ अभिनय पण होतो, "आनो हितो वा शिबाइ गा उमाइ" म्हणजे काय मस्त काम करतो तो! बुताइ म्हणजे रंगमंच, पण "बुताइ नि तात्सु" म्हटलं की नाटकात काम करणं आलंच. तालमीला केइको, पहिला प्रयोग शोनिची, शेवटचा सेन्शुराकु (सुमोच्या स्पर्धेचा शेवटचा दिवसही हाच).

ओसाकाकर:
"नाटकं करू नकोस" मध्ये आपण दोन-तीन गोष्टी एकत्र कोंबतो, जपानीत त्या वेगळ्या कराव्या लागतात. कोणी एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करत असेल तर "ओओगेसा दा ना". आजारी असल्याचं सोंग असेल तर फुरी, "ब्योकी नो फुरी ओ सुरु". आणि ठरवून एखाद्याला गंडवायचं असेल तर "हितोशिबाइ उत्सु", त्यात ते सोंग लगेच उघडं पडण्यासारखं असेल तर सारुशिबाइ, म्हणजे माकडाचं नाटक, हा शब्द मला फार आवडतो. नाट्यमय बदलाला "गेकितेकी नि कावात्ता" चालतं, पण गोष्टीतल्या कलाटणीला दोन्देन्गाएशी च म्हण, काबुकीत (जपानचं पारंपरिक नाटक) अख्खा सेट मागे उलटवून खालून दुसरं दृश्य वर आणतात त्यावरून आलाय.

पडदा_वर:
काबुकीचा विषय निघालाच आहे तर ओहाको पण घे. सातवा इचिकावा दान्जुरो या काबुकी नटाने 1832 मध्ये आपल्या घराण्याची अठरा नाटकं निवडून जाहीर केली, म्हणून लिहितात जुहाचिबान म्हणजे अठरा नंबर आणि वाचतात बऱ्याचदा ओहाको. आता कराओकेत कोणाचं हमखास जमणारं गाणं असलं की तेच त्याचं ओहाको.

निहोंगो_शिकतेय:
केवढं मिळालं, थँक्यू दोघांना! अजून एक, मी स्टेजवर नसते, विंगेत उभी राहून प्रॉपर्टी बघते, ते कसं सांगू?

ओसाकाकर:
"उराकाता ओ यात्तेइमासु", पडद्यामागचं काम करणारे ते उराकाता. विंगेला बुताइसोदे, सोदे म्हणजे बाही. आणि डावी-उजवी सांगू नकोस, प्रेक्षकांच्या उजवीकडची बाजू कामिते, डावीकडची शिमोते, म्हणजे नटाचं तोंड कुठेही असलं तरी गोंधळ नाही.