गाळातले सगळेच जीवाणू झोपलेले नाहीत

समुद्रतळाच्या कोट्यवधी वर्षं जुन्या गाळात सापडतात ते निव्वळ सुप्त बीजाणूच (म्हणजे कठीण कवच करून झोपी गेलेले जीवाणू) असणार, असं तुम्ही म्हणता. दक्षिण पॅसिफिकमध्ये मात्र तसं दिसलं नाही. २०१० साली तिथे समुद्रतळ खणून काढलेल्या गाळाचा सर्वांत जुना थर सुमारे १० कोटी वर्षांचा, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला! जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ युकी मोरोनो यांच्या गटाने त्यातल्या जीवाणूंना कार्बन-नायट्रोजन खाऊ घातलं, तर ते खाऊन वाढायलाही लागले. बीजाणू करणाऱ्या जाती त्यात फारशा नव्हत्या. तिथे दहा लाख वर्षांत जेमतेम मीटर-दोन मीटर गाळ साठतो, त्यात अन्न नगण्य. म्हणून प्राणवायू वापरणारे जीवाणूही थोडेच, आणि तो खालपर्यंत शिल्लक राहतो. जपानजवळच्या नानकाई गर्तेतल्या तापलेल्या थरांत मात्र बीजाणू भरपूर मिळाले, तिथे तुमचं म्हणणं पटतं.