ले मान्सच्या आठवणी: कोणती कोणत्या सालची, हे कसं लावायचं?

रेघोटी (प्रश्न)
१९६७ ते २०१९ या काळात जवळपास दरवर्षी फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची मोटारशर्यत पाहिलेल्या एका प्रेक्षकाच्या आठवणी नोंदवायच्या आहेत. वय ८० च्या पुढे. सोबत सुमारे ६०० स्लाइड (बहुतेक कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म), तिकिटं, कार्यक्रमपुस्तिका आणि ११ ऑडिओ कॅसेट. शर्यत तीच, बसायची जागाही तीच, त्यामुळे सालं एकमेकांत मिसळली आहेत. ‘धो धो पाऊस आणि फिकट निळ्या पोर्शे’ हे पक्कं आठवतं, पण १९७० की १९७१? आधी मुलाखत घ्यावी की आधी स्कॅनिंग? आणि साल ओळखायची खात्रीची पद्धत कोणती?

पिटवॉल
मुलाखत आधी, आणि तीही फोटो न दाखवता. फोटो समोर ठेवला की माणूस फोटोतलंच सांगू लागतो आणि पुढे ती आठवण स्वतःची म्हणून पक्की होते. एकदा हे झालं की मूळ आठवण वेगळी काढता येत नाही. पहिल्या फेरीत नुसतं बोलू द्या, दुसऱ्या फेरीत स्लाइड दाखवा, आणि दोन्ही ध्वनिमुद्रणं वेगळी ठेवा.

‘१९७३ साली काय झालं?’ असं विचारू नका. सालाने आठवण उघडत नाही, जागेने आणि वेळेने उघडते. फाटकापासून सुरुवात करा: गाडी कुठे लावली, बरोबर कोण होतं, सुरुवातीला कुठे उभे होतात, अंधार पडल्यावर कुठे गेलात, झोप कुठे काढली, उजाडलं तेव्हा कानावर काय येत होतं. बरोबर कोण होतं हा प्रश्न सर्वांत कामाचा. लग्न, मुलाचा जन्म, नवी नोकरी यांची सालं माणसाला ठाऊक असतात आणि शर्यत त्यांना चिकटून येते.

एका बैठकीत ४०-४५ मिनिटांपेक्षा जास्त नको. दमल्यावर उत्तरं ठोकळेबाज होतात. माइक तोंडापासून २०-३० सेंटीमीटरवर, थोडा बाजूला. पंखा बंद. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

तुमच्या निळ्या पोर्शेंचं उत्तर क्रमांकात आहे. गल्फ या तेलकंपनीच्या रंगातल्या निळ्या-नारिंगी पोर्शे ९१७ गाड्या १९७० साली २०, २१, २२ या क्रमांकांनी धावल्या आणि १९७१ साली १७, १८, १९ ने. धो धो पाऊस १९७० चा. त्या वर्षी शेवटी फक्त ७ गाड्या अंतिम निकालात धरल्या गेल्या. जिंकलेली मात्र लाल-पांढरी २३ नंबरची ९१७.

सार्थकाठ
साल ओळखताना गाडीआधी ट्रॅक बघा. गाड्यांचे रंग दोन-तीन वर्षं तेच राहू शकतात, पण सिमेंट-डांबर बदललं की परत मागे जात नाही.

पिटच्या (गाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा) अलीकडे फोर्ड शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं) दिसली तर १९६८ किंवा नंतरचं. पोर्शे वळणं १९७२ पासून. डनलॉप पुलाआधीची शिकेन १९८७ पासून. मुल्सानच्या सरळ पट्ट्यावरच्या दोन शिकेन १९९० पासून. पिटची नवी मोठी इमारत १९९१ ची. एवढ्यावरच बहुतेक स्लाइडची खालची मर्यादा ठरते.

सुरुवातीचे फोटो असतील तर काम आणखी सोपं. गाड्या पिटला तिरक्या लावलेल्या आणि चालक रस्त्यापलीकडे उभे: १९६९ किंवा आधीचं. गाड्या तिरक्या, पण चालक पट्टे बांधून आत बसलेले: फक्त १९७०. चालत्या गाड्यांची सुरुवात: १९७१ पासून.

गाडीवर किंवा फलकावर सिगारेटची जाहिरात दिसली तर १९९२ किंवा आधीचं समजा, कारण १९९३ च्या जानेवारीपासून फ्रान्समध्ये तशा जाहिरातींवर बंदी आली. तिकिटावर किंमत फ्रँकमध्येच असेल तर ते युरोची नाणी-नोटा येण्याआधीचं, म्हणजे २००२ पूर्वीचं.

यानंतरच विजेत्या गाड्या. निळी-नारिंगी फोर्ड जीटी४० दिसली तर क्रमांक वाचा: ९ असेल तर १९६८, ६ असेल तर १९६९. दोन्ही वर्षी जिंकलेली गाडी एकच, चॅसी (गाडीचा सांगाडा) क्रमांक १०७५. नारिंगी-हिरवी ५५ नंबरची माझ्दा म्हणजे १९९१. पिवळी-काळी ७ नंबरची पोर्शे ९५६ म्हणजे १९८५.

काचबिलोर
शेवटचं वाक्य दुरुस्त करायला हवं. ती ७ नंबरची ९५६ १९८४ आणि १९८५ अशी दोन्ही वर्षं जिंकली. चॅसी तीच (११७), क्रमांकही तोच, रंगही जवळपास तेच. या गाडीने कितीतरी संग्रह चुकीचे लागले आहेत. मार्ग एकच, त्याच रोलमधल्या इतर गाड्या बघा. १९८४ साली पोर्शेचा कारखान्याचा संघ आलाच नव्हता. १९८५ साली त्या संघाच्या रॉथमन्स सिगारेटच्या रंगातल्या निळ्या-पांढऱ्या ९६२सी १, २, ३ क्रमांकांनी होत्या. त्या रोलमध्ये असतील तर १९८५ नक्की. नसतील तर ‘बहुधा १९८४’ असंच लिहा, नक्की म्हणू नका.

म्हणून स्लाइड डब्यातून काढताना क्रम मोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक डबा म्हणजे एक रोल, आणि रोलमधली एक स्लाइड ओळखली की उरलेल्या ३५ ओळखल्या जातात. विषयवार वेगळ्या केल्या की हा धागा कायमचा तुटतो. आधी डब्याला क्रमांक, मग प्रत्येक चौकटीवर मऊ पेन्सिलीने डबा आणि अनुक्रम.

कोडॅकने धुतलेल्या बऱ्याच स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना-साल छापलेलं किंवा दाबून उठवलेलं असतं. तिरप्या उजेडात धरा, दिसेल. पण तो फिल्म धुतल्याचा महिना असतो, फोटो काढल्याचा नव्हे. शर्यत जूनची, तर शिक्का बहुधा जुलैचा. रोल अर्धा राहून नाताळात संपला असेल तर पुढच्या वर्षाचाही शिक्का मिळेल.

स्कॅनिंग ४००० पीपीआयला (दर इंचाला ४००० बिंदू) पुरे, ३५ मिमी चौकटीतून सुमारे २१ मेगापिक्सल मिळतात. मुख्य चूक अशी: इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय कोडाक्रोमवर चालू ठेवतात. कोडाक्रोमचा थर ते किरण काही अंशी अडवतो, स्कॅनर गडद भागाला धूळ समजतो आणि गाडीची कड किंवा क्रमांकच पुसतो. ती सोय बंद ठेवा, धूळ हातपंपाने उडवा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे डाग पडतात.

कागदपेटी
तिकिटांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अलीकडची बरीच तिकिटं थर्मल कागदावरची असतात, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटवलेली, आणि ती फिकी पडत जातात. ती सगळ्यात आधी स्कॅन करा, स्लाइडच्याही आधी, कारण १९७० चं छापील तिकीट अजून ५० वर्षं टिकेल आणि हे टिकणार नाही. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने अख्खं तिकीट काळं पडतं. पीव्हीसीच्या पाकिटातही नको, त्यातल्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्याने अक्षरं उडतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीन घ्या.

कार्यक्रमपुस्तिकांच्या पिना गंजल्या असतील तर पाठीमागून पाय सरळ करून काढा, समोरून ओढल्या की कागद फाटतो. सगळं आडवं, अंधारात, ३० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा.

कॅसेट वाजवण्याआधी दोन्ही बाजूंना एकदा शेवटपर्यंत पळवून परत आणा. वर्षानुवर्षं न हललेली फीत चिकटलेली असते. आवाज दबलेला वाटला तर इक्वलायझरची बटणं फिरवण्याआधी हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन स्क्रूने जुळवा, वरचे सूर आपोआप उघडतात. आणि ध्वनिक्षेपकावरच्या निवेदकाकडे लक्ष द्या, तो क्रमांक आणि चालकांची नावं घेतो. तेवढ्यावरून साल लागतं.

रेघोटी
फार उपयोग झाला. एक शंका राहिली. ‘रात्र संपतच नव्हती, कुडकुडत होतो’ अशी आठवण दोनदा आली. जूनमध्ये एवढी थंडी?

सार्थकाठ
थंडी जूनच्या पहाटेही वाजते, लांब रात्र मात्र महत्त्वाची खूण आहे. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो आणि सकाळी ६ ला उगवतो. १९६८ ची शर्यत मे महिन्यातल्या अशांततेमुळे २८-२९ सप्टेंबरला झाली, तेव्हा अंधार जवळपास १२ तासांचा होता. २०२० चीही सप्टेंबरात झाली, पण प्रेक्षकांविना, आणि ते तुमच्या काळाबाहेर आहे. त्या रात्री दिवे किती वाजता लागले आणि गाड्यांच्या दिव्यांशिवाय रस्ता किती वाजता दिसू लागला, एवढं विचारा. सकाळी सातच्या आसपासचं उत्तर आलं, तर डब्यात ९ नंबरची जीटी४० शोधा.