प्रतिसाद: ई-रुपया नाकारला, म्हणून तो अवैध ठरत नाही

नाशिकच्या रविवार कारंजावरील एका दुकानदाराने ई-रुपया (रिझर्व्ह बँकेचे डिजिटल चलन) घेतला नाही, यावरून तो वैध चलन (देणे फेडण्यासाठी कायद्याने मान्य असलेला पैसा) नसल्याचा काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. २०२२ च्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ मधील ‘बँक नोट’च्या व्याख्येत डिजिटल स्वरूपाचाही समावेश केला, आणि नव्या कलम २२अ ने नोटांचे मूल्यवर्ग, नमुना, फाटक्या-हरवलेल्या नोटा यांसंबंधीची कलमे डिजिटल नोटांपुरती वगळली असली, तरी वैध चलनाचा दर्जा देणारे कलम २६ मात्र वगळलेले नाही. (नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याशी संबंध नसलेली ही नोट आहे, एवढेच!) ई-रुपया म्हणजे यूपीआयही नव्हे: यूपीआयने आपण सहसा बँकेतील ठेव हस्तांतरित करतो, तर ई-रुपया ही नोटेसारखीच थेट रिझर्व्ह बँकेची देयता (तिने देणे लागणारी रक्कम) असते. शिवाय वैध चलनाचा प्रश्न मुख्यतः आधीच्या देण्याच्या फेडीचा असतो. विक्रीपूर्वी पैसे कोणत्या मार्गाने घ्यायचे, हे दुकानदार सहसा ठरवू शकतो.