आधी पानं मोजा, मग हॉल बघा
लग्नाचा खर्च कमी करायचा तर स्वस्त हॉल शोधा, असं सांगतात. सल्ला ठीक आहे, पण खरा खर्च पानांवर, म्हणजे जेवायला किती माणसं येणार त्यावर ठरतो. केटरर ताटामागे पैसे घेतो. चारशेऐवजी दीडशे माणसं बोलावली की जेवणाचं बिल निम्म्याहून खाली येतं, हॉलही लहान चालतो. लेकीच्या लग्नात आम्ही आधी यादी कापली. फार जड गेलं, चुलत-मावस नात्यांत रुसवे झाले, पण कर्ज काढावं लागलं नाही. मानपानाच्या साड्या दोन्ही घरांनी बोलून बंद केल्या; विहीणबाईंनाही हायसं वाटलं.

नोंदणी विवाह करणार असाल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस आधी नोटीस आणि लग्नाला ३ साक्षीदार लागतात. तारीख त्या हिशेबाने धरा.