मदत हवी आहे: नस काढल्यावरही दाढ दुखते कशी?

सायंतारा: रूट कॅनालमध्ये नस काढून टाकतात असे मला सांगितले होते. मग आता दुखते ते काय? घास चावला की कळ थेट कानापर्यंत जाते. कॅपचे माप द्यायचे की थांबायचे, हे मला उद्यापर्यंत ठरवायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

खडूफळा: कोणती दाढ, उपचाराला किती दिवस झाले आणि आत पक्के फिलिंग आहे की तात्पुरते, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

एकलकोंडा: मी अशीच दाढ काढून इम्प्लांट बसवले आणि सुटलो. उगाच डागडुजी करत बसू नये.

खडूफळा: चार दिवस दुखले म्हणून दाढ काढायची? इम्प्लांट हा शेवटचा उपाय आहे.

सायंतारा: वरची पहिली दाढ, डावीकडची. शेवटची सिटिंग चार दिवसांपूर्वी झाली. तोंड मिटले की आधी तीच टेकते. आतले फिलिंग तात्पुरते आहे आणि त्याचा कोपरा काल चूळ भरताना निघाला.

अवांतर: अहो, कोपरा निघाला ही मुख्य गोष्ट आणि ती शेवटच्या वाक्यात! त्या फटीतून लाळ आणि जंतू आत गेले, तर मुळांतल्या साफ केलेल्या नळ्या पुन्हा दूषित होऊ शकतात. म्हणून फिलिंग आजच नीट करून घ्यावे. राहिला दुखण्याचा प्रश्न. काढली जाते ती दाताच्या पोटातली नस. परंतु मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जिवंतच असतात आणि चावल्यावर ठणकतात ते तेच. काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे, मात्र ठणका रोज थोडा उतरायला हवा. आधी तीच दाढ टेकते, म्हणजे फिलिंग बहुधा उंच राहिले असावे. रंगीत कागद चावायला देऊन, ठसा उमटेल तेवढाच भाग घासून देतात.

एकलकोंडा: पाच दिवस अँटिबायोटिक घ्या, काम होईल.

अवांतर: उंच फिलिंग गोळीने खाली बसत नाही. गालाला सूज किंवा ताप असेल, तर गोष्ट वेगळी. तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर मात्र तासभरही थांबू नये.

खडूफळा: वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चौथी बारीक नळी असते आणि ती नजरेतून सुटते. ठणका आठवड्याभरानंतरही राहिला, तर तेवढे विचारावे. कॅप मात्र टाळू नये, कारण पोखरलेली दाढ चावताना उभी चिरू शकते.

मृगजळ: रूट कॅनालनंतर दात काळा पडला, तर आतून ब्लीच करता येतो.

सायंतारा: माझी दाढ काळी पडलेली नाही. सूज किंवा तापही नाही. संध्याकाळची वेळ मिळाली आहे. आधी फिलिंग आणि उंची पाहून घेते, माप ठणका उतरल्यावर देईन.