मदत हवी आहे: आयपी फोनसाठी दुसरा सर्व्हर लावला, तरी निम्मे फोन एकमेकांना लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

एका ट्रस्टच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर आणि फोनचं सगळं मी बघतो. ३८ आयपी फोन, एका साध्या पीसीवर कॉल जोडणारं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क, बाहेरच्या कॉलसाठी एक सिप ट्रंक (कंपनीकडून येणारी लाइन; सिप म्हणजे आयपी फोनची कॉल लावायची पद्धत). चार वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात रात्री अडीचला त्या पीसीची हार्डडिस्क गेली आणि सकाळी मी पोचेपर्यंत सगळे फोन मुके होते. त्याच रात्री तालुक्याच्या गावी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं. पिशवी आमच्या फ्रीजमध्ये होती आणि फोन लागत नव्हता. शेवटी तिचा भाऊ मोटरसायकलवर ४० किलोमीटर आला. रक्त वेळेत पोचलं, पण ड्युटीवरच्या ताईंनी हे सांगितल्यापासून मला चैन नाही.

म्हणून दुसरा पीसी घेतला, सगळं सेटिंग त्यावर उतरवलं आणि प्रत्येक फोनमध्ये 'सर्व्हर २' च्या रकान्यात त्याचा पत्ता भरला. रविवारी पहिल्या सर्व्हरची केबल काढून पाहिली. फोनच्या स्क्रीनवर हिरवी खूण तशीच! रजिस्ट्रेशनची (फोनने सर्व्हरकडे केलेल्या नोंदणीची) मुदत ३६०० सेकंद, म्हणजे तासभर फोनला वाटतंय की सगळं ठीक आहे. नंबर फिरवला तर ३२ सेकंद नुसती शांतता, मग दुसऱ्या सर्व्हरवरून रिंग. वाचल्यावर कळलं की सिपचा हिशोबच तसा आहे: अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट पाहूनच फोन नाद सोडतो. घाईतला माणूस तोवर रिसीव्हर ठेवून देतो.

मुदत १२० वर आणली. पण केबल परत लावल्यावर काही फोन पहिल्या सर्व्हरवर परतले, काही दुसऱ्यावरच राहिले. आता क्रॉसमॅचच्या (रक्त जुळतं का पाहायच्या) टेबलावरून काउंटरला फोन केला की 'उपलब्ध नाही'. दोन्ही फोन चालू, मधे फक्त एक भिंत, आणि दोघांचे सर्व्हर वेगळे. शिवाय राउटर बाहेरचे कॉल पहिल्या सर्व्हरकडेच पाठवतो, ते वेगळंच.

दोन पत्त्यांचा हा नाद सोडून कीपअलाइव्हड या सॉफ्टवेअरने एकच फिरता पत्ता (जे मशीन चालू असेल त्याच्याकडे जाणारा) ठेवावा का? कुणी प्रत्यक्ष चालवलंय का?

उत्तर

चालवतोय, आणि तुमच्या आकाराच्या ऑफिसला तेच करा. 'सर्व्हर २' चा रकाना सगळीकडे रिकामा करा. फोनला आणि राउटरला एकच फिरता पत्ता द्या. मुख्य मशीन दर सेकंदाला 'मी आहे' असं सांगत असतं. ते थांबलं की तीन-चार सेकंदांत दुसरं मशीन तो पत्ता घेतं.

अडकाल ते पुढे. अ‍ॅस्टेरिस्क दोन्हीकडे चालू ठेवू नका. नोटिफाय स्क्रिप्ट (पत्ता आला-गेला की कीपअलाइव्हड चालवतो ती) लिहा, म्हणजे पत्ता ज्याच्याकडे आला तिथेच तो सुरू होईल. आणि पीजेसिपला (त्यातला सिप सांभाळणारा भाग) त्या फिरत्या पत्त्यावरच बांधा, नाहीतर उत्तर मशीनच्या मूळ पत्त्यावरून जातं आणि फोन ते ओळखत नाही. चालू असलेलं बोलणं तुटेल, ते धरून चाला. कुठला फोन कुठे आहे हे नव्या मशीनला ठाऊक नसतं, म्हणून मुदत १२० ऐवजी ६० करा.

आणि हे सगळं व्हायची वाट न पाहता आजच ट्रंकवाल्यांना सांगून 'सर्व्हर सापडला नाही तर' कॉल ड्युटीच्या मोबाइलवर वळवून घ्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. मोबाइलचं काल सायंकाळीच करून घेतलं, केबल काढून तपासलंही. पत्ताही फिरतोय, पाच वेळा करून पाहिलं, एकदाही चार सेकंदांच्या वर गेलं नाही. दोन्ही पीसी एकाच यूपीएसवर आणि एकाच स्विचवर होते, तेही वेगळे केले.

एक अडतंय. मशीन चालू आहे, पण अ‍ॅस्टेरिस्क आतल्या आत अडकलाय, असं झालं तर? 'मी आहे' हा निरोप तर जातच राहणार.

उत्तर

मुख्य मशीनवर छोटी स्क्रिप्ट ठेवा. दर १० सेकंदांनी सिपच्या नेहमीच्या ५०६० पोर्टवर ऑप्शन्स निरोप ('आहेस का?' अशी विचारणा) पाठवायचा. ओळीने तीनदा उत्तर आलं नाही तर अ‍ॅस्टेरिस्क आणि कीपअलाइव्हड दोन्ही बंद करायचे. पत्ता आपोआप पलीकडे जाईल. मशीन परत उभं राहिल्यावर पत्ता लगेच मागून घेऊ नये म्हणून कीपअलाइव्हडमध्ये नोप्रीएम्प्ट हा पर्याय लावा, पण तो लावताना दोन्ही मशीनची सुरुवातीची अवस्था बॅकअप लिहावी लागते. माझी तिथेच एक रात्र गेली होती.