मदत हवी आहे: आईची डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टर डेंग्यूच म्हणतात

सिंहगडरोडकर
आईची (वय ६१) डेंग्यूची टेस्ट आज निगेटिव्ह आली. प्लेटलेट ९२ हजार. रिपोर्ट बघूनही डॉक्टर डेंग्यूच धरून चाललेत आणि आणखी एक रक्ततपासणी लिहून दिली आहे. निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह ना? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का? लवकर सांगा, लॅब आठला बंद होते.

धायरीची_मावशी
पपईच्या कोवळ्या पानांचा रस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. आमच्या जावयाच्या प्लेटलेट तीन दिवसांत वर आल्या. किवीपण द्या.

खडकी_६३
ताप येऊन किती दिवस झाले? टेस्ट एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी) होती की आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीर आधी बनवतं ती प्रतिपिंडं शोधणारी)? हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, किती आहे? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

सिंहगडरोडकर
डेंग्यूची टेस्ट, कार्डवाली. त्यावर एनएस१ लिहिलंय. आणि ताप आता नाहीये, काल उतरला.

प्रयोगशाळेतून
उतरला कधी ते कळलं, आला कधी ते सांगा.

सिंहगडरोडकर
गेल्या शनिवारी रात्री.

प्रयोगशाळेतून
म्हणजे आज शुक्रवार, सातवा दिवस. मी सूक्ष्मजीवशास्त्रातली आहे, दोन मिनिटं वाचा.

डेंग्यूच्या विषाणूत आत आरएनएचा एक धागा असतो. त्याभोवती कॅप्सिड प्रथिनाचं कवच, त्यावर आपल्याच पेशीतून उचललेलं मेदाचं आवरण आणि त्या आवरणात रोवलेली प्रथिनं. सगळं मिळून जेमतेम ५० नॅनोमीटर. एनएस१ यात कुठेच नाही. एनएस म्हणजे नॉनस्ट्रक्चरल, विषाणूच्या बांधणीत नसलेलं. विषाणू पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, तेव्हा हे प्रथिन तयार होतं आणि पेशी ते रक्तात सोडते. त्यामुळे पहिले चार-पाच दिवस ते भरपूर सापडतं. पुढे शरीराची प्रतिपिंडं त्याला धरून ठेवतात आणि कार्डावर रेघ उमटत नाही. पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला असेल तर हे आणखी लवकर होतं. आता शोधायचं ते आयजीएम. साधारण पाचव्या दिवसापासून ते दिसायला लागतं. डॉक्टरांनी लिहिलेली दुसरी तपासणी बहुधा तीच. करून घ्या.

कोथरूड_पश्चिम
मला असंच झालं होतं, अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांत मोकळा झालो. उगाच टेस्टवर टेस्ट कशाला?

प्रयोगशाळेतून
कृपा करून असं सुचवू नका. ती गोळी प्रतिजैविक आहे, जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, जाऊन चिकटते. विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो, आणि दुसरी काही प्रतिजैविकं जिच्यावर काम करतात ती पेशीभित्तिकाही नसते. तुमचा ताप त्याच्या दिवसांनी उतरला. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनही नको, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टर सांगतील त्या मापात फक्त पॅरासिटामॉल.

औंधचा_मी
अवांतर: सरळ एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) नमुना का देत नाही? १९५२ पासून ती संस्था पुण्यात आहे. २०२० च्या जानेवारीत देशातला पहिला करोना रुग्ण तिथल्याच तपासणीत पक्का झाला.

खडकी_६३
घरून बाटली नेऊन द्यायची ती जागा नव्हे हो. नमुने रुग्णालयं आणि आरोग्य विभागामार्फत जातात. धागाकर्ते, आई आत्ता कशी आहे ते सांगा.

सिंहगडरोडकर
पडून आहे. सकाळपासून पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्या. तिला पित्ताचा त्रास जुनाच, म्हणून लिहिलं नव्हतं. भाताची पेज वाटीत तशीच आहे. बीपीचा पट्टा काढला तर दंडाखाली बारीक लाल ठिपके दिसले, घामोळ्यासारखे.

प्रयोगशाळेतून
लॅब राहू द्या. आत्ता रुग्णालयात न्या. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे एक-दोन दिवस सुरू होतात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, बीपी पडतं. पोटदुखी आणि उलट्या हीच त्याची खूण. याला पित्त समजू नका.

खडकी_६३
हेच. आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट घेऊन निघा. लघवी शेवटची कधी झाली ते आठवून ठेवा, विचारतील.

धायरीची_मावशी
जाताना रस तेवढा पाजा. त्याने तोटा नाही.

खडकी_६३
मावशी, तोटा आहे. उलट्या होणाऱ्या बाईला तो कडू रस पाजला तर आहे ते पाणीही पोटात राहणार नाही. जावयांचे आकडे आपोआप वर आले असतील, आठवड्यानंतर बहुतेकांचे येतात.

धायरीची_मावशी
आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण उलट्या होत असतील तर नका देऊ, ते पटलं.

सिंहगडरोडकर
(शनिवार) काल रात्री दाखल केलं. आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजीपण. सोमवारच्या रिपोर्टात हिमॅटोक्रिट ३८ होता, कालच्यात ४६. मी फक्त प्लेटलेट बघत बसलो होतो. सलाईन चालू आहे, दर काही तासांनी रक्त घेतात. आयजीजीचा अर्थ काय?

प्रयोगशाळेतून
३८ वरून ४६ म्हणजे २० टक्क्यांहून जास्त वाढ, रक्त दाट झालं होतं. बरं झालं वेळेत नेलंत. आयजीजी म्हणजे उशिरा बनणारी आणि टिकून राहणारी प्रतिपिंडं. इतक्या लवकर ती दिसतात म्हणजे बहुधा पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेलाय. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही, उलट दुसऱ्या वेळी आजार जड जाऊ शकतो. पूर्वी कधी असा ताप आला होता का, विचारा.

औंधचा_मी
अवांतर: विषाणू जिवंत धरायचा की निर्जीव? मुलीला सातवीत यावर लिहायचंय.

सिंहगडरोडकर
(सोमवार) हिमॅटोक्रिट ३९, प्लेटलेट ६४ हजारांवरून ८१. आज पेज मागून घेतली. चार वर्षांपूर्वी मामाकडे साताऱ्याला गेली असताना आठवडाभर ताप आला होता म्हणाली, तेव्हा कुणी तपासलंच नव्हतं. घरी येऊन बघतो तर मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या वळवळत होत्या.

खडकी_६३
पाणी मोरीत ओतू नका, उन्हात कोरड्या जमिनीवर ओता. बाटली आतून घासा, अंडी काचेला चिकटून राहतात. फ्रिजमागचा ट्रेही बघा.

धायरीची_मावशी
दवाखान्यात थांबणाऱ्यांना डबा लागला तर कळवा, मी जवळच आहे.